नारळ तिथीला, होडी तारखेला

जुलैचा शेवटचा आठवडा आला की आमच्या किनाऱ्यावर दोन प्रकारचे मेसेज फिरायला लागतात. पहिल्यात लिहिलेलं असतं, की माशांच्या विणीचा काळ बरोबर नारळी पौर्णिमेला संपतो हे आपल्या पूर्वजांना हजारो वर्षांपूर्वी ठाऊक होतं, सरकारने मात्र ३१ जुलै ही तारीख कागदावर ठरवली, म्हणून मासेमारी बंदी पौर्णिमेपर्यंत वाढवा. दुसऱ्यात, पाण्यात नारळ टाकला की दर्या शांत होतो का, असं विचारून खाली हसरे चेहरे चिकटवलेले असतात, आणि तिथीवर कायदा चालवायचा तर अमावास्येला लोकलही बंद ठेवा, अशी कोटी केलेली असते. दोन्ही बाजू एकमेकांना उत्तरं देत आठवडा काढतात. तोवर १ ऑगस्ट उजाडतो, बोटी सुटतात आणि वाद पुढच्या जुलैपर्यंत शाकारून ठेवला जातो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बंदी वाढायला हवी, पण पौर्णिमेच्या नावावर नको. ती दर वर्षी १५ ऑगस्टला संपावी, पश्चिम किनाऱ्यावरच्या सगळ्या राज्यांत एकाच दिवशी संपावी आणि त्या वाढीव पंधरा दिवसांचे पैसे खलाशाच्या हातात पडावेत. नारळी पौर्णिमेला मात्र कायद्याच्या कलमात कोंबू नये. तिला शास्त्र म्हणून मिरवणारे आणि अंधश्रद्धा म्हणून हिणवणारे, दोघांनीही ती धक्क्यावर उभं राहून पाहिलेली नसावी, असा मला दाट संशय आहे.

आधी कायदा बघू, कारण या वादात तो कुणी उघडून पाहत नाही. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचं पाणी राज्याच्या अखत्यारीत, त्यापलीकडचं केंद्राच्या. आपल्याकडे सध्या दोन्हीकडे १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना बंदी असते. पूर्व किनाऱ्याचे ६१ दिवस १५ एप्रिल ते १४ जून असतात. शिडा-वल्ह्याच्या होड्यांना ही बंदी नाही. पण ही ६१ दिवसांची बंदी येण्याआधी आपल्या राज्यात वेगळा नियम होता. बंदी १० जूनला लागायची आणि १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जे आधी येईल त्या दिवशी उठायची. 'जे आधी येईल' या तीन शब्दांवर जरा थांबा. पौर्णिमा कायद्यात होती ती बंदी लांबवायला नव्हे, आखडायला. ती २ ऑगस्टला आली तर २ ऑगस्टला दर्या मोकळा. ३० ऑगस्टला आली तर तिची वाट न बघता १५ ऑगस्टलाच मोकळा. जुना कायदा परंपरेचा मान ठेवणारा होता असं जे सांगतात, त्यांनी हे एक कलम पुन्हा वाचावं. परंपरेचा मान ठेवला होता खरा, पण तिची अडचण होत नव्हती तेवढाच.

तरीही तिथीवाल्यांच्या मागणीत खरा दाणा आहे, आणि तो मी नाकारत नाही. हसरे चेहरे चिकटवणाऱ्यांनी एकदा ३१ जुलैच्या रात्री कुठल्याही मोठ्या बंदरावर यावं. बर्फ भरून झालेला असतो, डिझेल चढलेलं असतं, आठ-दहा दिवसांचं रेशन आत गेलेलं असतं, आणि बाहेर नैर्ऋत्येचा वारा अजून तसाच घोंघावत असतो. पहिल्या फेरीला निघालेल्या बोटी हवामान बिघडलं म्हणून अर्ध्या वाटेतून वळल्या, जवळच्या खाडीत शिरल्या, ही ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली ठरलेली बातमी आहे. मासळी मिळो न मिळो, डिझेल आणि बर्फाचा खर्च नाखव्याच्या, म्हणजे बोटमालकाच्या, डोक्यावर बसतो. मासळीचंही तेच. पावसाळ्यात वाढीला लागलेली पिल्लं ऑगस्टच्या आरंभी कोवळी असतात. पापलेटला २०२३ मध्ये आपण राज्य मासा केलं आणि १३५ मिलीमीटरपेक्षा लहान पापलेट धरू नये असा नियमही केला. १३५ मिलीमीटर म्हणजे शेंडी-शेपटी धरून उघड्या तळव्यावर मावेल एवढं. हंगामाच्या पहिल्या लिलावात पाटीत काय पडलेलं असतं ते बघा. बारीक आसाच्या, म्हणजे लहान भोकांच्या, जाळ्यातून सुटणार काय? दोन आठवडे थांबलं तर तोच मासा वजनाला भरतो, हे कळायला ना पंचांग लागतं ना प्रयोगशाळा. गुजरातने अलीकडे आपली बंदी १५ ऑगस्टपर्यंत नेली ती याच विचाराने, आणि तिथीचं नाव न घेता.

मग पूर्वजांना माहीत होतं, या दाव्याचं काय करायचं? माझं म्हणणं असं, की पूर्वज थांबत होते, कारण त्यांना जाताच येत नव्हतं. शिडाची होडी घेऊन जून-जुलैत दर्यात उतरणं म्हणजे मरायला जाणं. वारा समोरून, लाट अंगावर, खाडीच्या तोंडाशी पाणी फुटलेलं. मे अखेरीला होड्या वर ओढायच्या, झापांनी शाकारायच्या, घरात बसून जाळी विणायची, सुके बोंबील, सुकट आणि सोड्यांवर पावसाळा काढायचा. यात माशांच्या विणीचं ज्ञान असेलही, पण ज्ञान असो नसो, थांबवत होता तो वारा. एकटे कोळीच नव्हे, सगळा अरबी समुद्रच तेव्हा बंद असायचा. मराठ्यांचं आरमारही पावसाळ्यात छावणीला जाई. कोकणातली गलबतं, मचवे, व्यापाऱ्यांचा माल, सगळं खाडीत नांगरून पडे. नारळी पौर्णिमा हा त्या सगळ्या दर्यावर्दी जगाचा दिवस होता. त्याची खूण अजून शिल्लक आहे. मालवणला आधी सिंधुदुर्ग किल्ल्यावरून मानाचा नारळ येतो, मग व्यापाऱ्यांचा, मग बाकी साऱ्यांचा. मासे हाच एक विषय असता तर व्यापाऱ्याला तिथे काय काम?

ज्यांना शास्त्रच हवं आहे त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. पौर्णिमेला दर्या शांत होतो हे वाक्य भरती-ओहोटीच्या हिशोबाने अगदी उलटं आहे. पौर्णिमा आणि अमावास्येला उधाण असतं. पाणी सगळ्यात वर चढतं, सगळ्यात खाली जातं आणि प्रवाहाला सगळ्यात जास्त ओढ असते. शांत पाणी हवं असतं तर भांगाचा, म्हणजे मंद भरती-ओहोटीचा, दिवस निवडायला हवा होता, अष्टमी-नवमीच्या सुमाराचा. मग हा दिवस का? माझा एक अंदाज आहे, तो अंदाज म्हणूनच घ्या. डोलकराचं जाळं ओढून न्यायचं नसतं. ते दर्यात रोवलेल्या खुंटांना, म्हणजे कवींना, बांधून प्रवाहात तोंड उघडून ठेवायचं असतं. बोंबील, करंदी, जवळा पाण्याच्या ओढीबरोबर आत येतो. ओढ नाही तर मासळी नाही. भांगाला डोलकर जाळी वाळवतो, उधाणाला मारतो. तेव्हा हंगामाचं पहिलं जाळं उधाणाला मारायचं, आणि श्रावणात वारा जरा नरमल्यावरचं पहिलं मोठं उधाण पौर्णिमेचं, हा हिशोब मला पटतो. त्यात गूढ काही नाही. ज्याचं पोट पाण्यावर आहे त्याला असलेली पाण्याची ओळख आहे ती, आणि मला तिचं कौतुक जास्त वाटतं.

आता खरी गोष्ट. होड्यांना इंजिनं बसली आणि वारा आडवा यायचा बंद झाला. जुलैतही जाता येऊ लागलं. जी प्रथा वाऱ्याच्या धाकाने पाळली जात होती, ती धाक संपल्यावर मोडायला हवी होती, नाही का? पण कितीतरी कोळीवाड्यांत ती लगेच मोडली नाही. पुनवेचा नारळ गेल्याशिवाय कुणी जाळं मारायचं नाही, असं गाव ठरवायचं, आणि ठरवलेलं चालायचं. ज्याच्याकडे मोठी बोट, मोठं इंजिन, त्यालाही गल्लीतल्या सगळ्यांसारखंच थांबावं लागे. नारळी पौर्णिमेचं मोल मला इथे दिसतं. जाता येत असताना न जाणं, आणि एकट्याने नव्हे तर सगळ्यांनी मिळून न जाणं. सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ मिरवत न्यायचा तो दर्याला खूश करायला, असं पूजा करणाराही म्हणेल आणि त्याची ती श्रद्धा खरीच असते. पण त्या नारळाचं दुसरं काम असं, की तो गावादेखत जातो. कोण आधी गेलं आणि कोण थांबलं, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसतं.

प्रथेला अपवादच नव्हते असं मात्र समजू नका. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या. मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट वाटेत उलटली आणि ६०० हून अधिक माणसं गेली. बोटीवरची थोडी माणसं वाचली ती कोळ्यांच्या मासेमारी होड्यांमुळे. म्हणजे आषाढ संपत असतानाही बंदराच्या आतल्या पाण्यात होड्यांची ये-जा होतीच. खाडीत, किनाऱ्यालगत, लहान होडीने पोटापुरतं धरायला कुणी कधी हरकत घेतली नाही. आजच्या कायद्याने बिगरयांत्रिक होड्यांना सूट दिली ती याच चालीला धरून आहे. पूर्वी सगळं कडकडीत बंद असे, असं जे सांगितलं जातं ते आठवणीवर चढवलेलं सोनेरी वेष्टन आहे.

तिथीच्या मागणीतली मोठी खोट अशी, की तिथी हलते. नारळी पौर्णिमा २०१२ मध्ये २ ऑगस्टला होती, २०२० मध्ये ३ ऑगस्टला आणि २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे थेट ३० ऑगस्टला गेली. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून ती २७-२८ ऑगस्टला. हा अठ्ठावीस दिवसांचा फरक मासा कसा पाळणार? बंदी पौर्णिमेला उठवायची ठरली असती तर २०२० मध्ये तिची वाढ जेमतेम तीन दिवसांची झाली असती आणि २०२३ मध्ये जवळपास महिन्याची. पहिल्यात दर्याचा फायदा नाही, दुसऱ्यात खलाशाची चूल विझते. पिल्लांच्या वाढीला अधिक महिना कळत नाही, नैर्ऋत्य वाऱ्यालाही कळत नाही. ही दोन्ही कामं सूर्याच्या हिशोबाने चालतात.

यावर उत्तर येतं, की म्हणजे इंग्रजी तारीख परंपरेवर लादायची. मला हा आक्षेप गमतीचा वाटतो, कारण आपल्याच परंपरेने हा प्रश्न फार पूर्वी सोडवून ठेवला आहे. आपला शेतकरी पेरणी कधी तिथीवर करत होता? ज्येष्ठ शुद्ध अमुक तिथीला पेरा, असं कुणाच्या आजोबाने सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही. तो मृगावर पेरतो. आणि मृग, आर्द्रा, पुनर्वसू ही पावसाची नक्षत्रं सूर्याची आहेत. अधिक महिना असो नसो, मृग लागतो ७-८ जूनलाच. गावाकडच्या निरक्षर म्हातारीलाही मृगाची तारीख इंग्रजीत पाठ असते ती यामुळेच. पोळा, गौरी-गणपती, दिवाळी चंद्रावर, पण नांगर आणि पाभर सूर्यावर. सण पुढेमागे झाला तर कुणाचं पीक जळत नाही, पेरणी पुढेमागे झाली तर जळतं. ही वाटणी करणाऱ्यांना चंद्र-सूर्यातला फरक नीट कळत होता. त्याच नियमाने दर्याचं काम सूर्यावर बांधा. मघा नक्षत्र १६-१७ ऑगस्टच्या सुमारास लागतं. १५ ऑगस्ट म्हणजे मघांचा उंबरठा. ज्याला तारीख परकी वाटते त्याने मघा लागेपर्यंत बंदी म्हणावं, माझी हरकत नाही.

दुसऱ्या बाजूचा एक आक्षेप मला जड वाटतो. सणावर कायदा बांधला तर तो सण न पाळणाऱ्यांचं काय? किनारा काही एका धर्माचा नाही. रत्नागिरीकडचे दालदी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीवर आहेत. वसई-उत्तनचे ख्रिस्ती कोळी आपल्या होड्यांवर पाद्रीबाबांचा आशीर्वाद घेतात. बार्देशातले गोंयकार मच्छीमार २९ जूनला, सेंट पीटरच्या फेस्ताला, होड्या एकमेकींना बांधून सांगोड करतात, तीही ऐन पावसात, दर्या बंद असताना. हा आक्षेप बरोबर आहे आणि म्हणूनच तिथी कलमात नको, असं मी म्हणतो. पण आक्षेप घेणारे त्यापुढे जाऊन म्हणतात, की ही सगळी बुवाबाजी. तिथे त्यांचं चुकतं. वेगवेगळ्या देवांची माणसं एकाच पावसात थांबतात आणि त्या थांबण्याला आपापल्या परीने सण करतात, यातून थांबणं किती जुनं आणि किती सामाईक आहे हेच दिसतं. सांगोड बुवाबाजी नाही, तर नारळ का ठरावा?

बंधन घालायचं तर कारण सांगून घालावं, ही रीतही आपल्याकडे आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याबद्दल लिहिताना रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नका, असं बजावलं आहे. त्याला नुसत्या पाप-पुण्याचा आधार घेतलेला नाही. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, हे कारण दिलं आहे. मच्छीमाराला कारण कळतं. १५ ऑगस्टपर्यंत थांब, कारण तोवर पापलेट भरेल आणि वारा पडेल, असं सांगितलं तर तो वाद घालेल, पण ऐकेल. पूर्वज थोर होते म्हणून थांब, याला तो हसेल, कारण त्याचे पूर्वज त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले माहीत आहेत.

राहिला पैशाचा प्रश्न. बंदी वाढवा म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांना अडचणीत टाकणारा खरा प्रश्न तोच. बंदीच्या काळातल्या मदतीची योजना आहे. त्यात मच्छीमाराने स्वतःचे १,५०० रुपये आधी भरायचे, सरकार ३,००० घालणार, आणि तीन महिन्यांत मिळून ४,५०० हातात येणार. तेही दारिद्र्यरेषेखालच्या पारंपरिक मच्छीमाराला. महिन्याला दीड हजार. त्यातला तिसरा हिस्सा त्याचाच! एवढ्यात कोळीवाड्यातलं घर किती दिवस चालेल, हे गॅस सिलिंडरची किंमत माहीत असलेल्या कुणालाही सांगायला नको. आणि बोटीवरचा खलाशी तर बहुतेकदा कोळीही नसतो. डहाणू-तलासरीचा आदिवासी गडी असतो, रत्नागिरीच्या बोटींवर नेपाळी पोरं असतात. जून-जुलैत आदिवासी खलाशी घरी भातलावणीला जातो, म्हणून ते दोन महिने कसेबसे निभतात. ऑगस्टमध्ये लावणी संपलेली असते आणि उचल घेतलेली असते. हे पंधरा दिवस त्याच्या अंगावर टाकून आपण पापलेट वाचवलं, असं म्हणायला मला लाज वाटेल. डिझेल परताव्याची रक्कम नाखव्याला उशिरा का होईना मिळते. खलाशाचं नाव कुठल्याच यादीत नसतं. बंदी वाढवायची तर आधी ती यादी करा. माझ्या मागणीतला हा भाग वगळून उरलेला कुणी उचलून धरला, तर मी त्याच्या विरुद्ध उभा राहीन.

आणि सगळ्या राज्यांनी एकदम, हा आग्रह का? शेजारच्याची बोट तुमच्या आधी पंधरा दिवस निघाली तर तुमचं थांबणं म्हणजे त्याच्यासाठी मासे राखून ठेवणं. एका म्हाताऱ्या तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाने, मला हे फार थोडक्यात सांगितलं होतं. जाळ्याचा फाटका आस सांधत तो म्हणाला, "आमी थांबू. थांबायची सवय हाय आमाला. पन मी थांबलू नि तो गेला, तर मग मी येडा ना?" याला त्याच्या शब्दांपलीकडे उत्तर नाही. गावात नारळाने जे साधलं जायचं, म्हणजे कुणीच आधी नाही, ते आता पाच राज्यांत साधायचं आहे. ते काम नारळाच्या आवाक्याबाहेरचं आहे. ते एका तारखेचं आणि बोटी अडवणाऱ्या गस्तीचं काम आहे. २०२५ च्या जानेवारीत राज्याने किनाऱ्यावर ड्रोन आणले. उत्तम. पण ड्रोनला बोट दिसते, बोटीचा मालक कोणाचा पाहुणा आहे ते दिसत नाही.

जाता जाता एक कडू गोष्ट. या तिथी-तारखेच्या भांडणात उरलेले ३०४ दिवस सुखरूप सुटतात. पर्ससीनवर, म्हणजे मासळीच्या थव्याला वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्यावर, २०१६ पासून निर्बंध आहेत, एलईडीचे दिवे लावून मासे गोळा करायला बंदी आहे, कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती करून दंड लाखांत नेले. तरी रात्री किनाऱ्यावरून पाहिलं तर आत दिव्यांचं शहर वसल्यासारखं दिसतं. पौर्णिमेच्या चांदण्यावर निबंध लिहिणारे आणि पौर्णिमेवर विनोद करणारे, दोघांनीही त्या उजेडाबद्दल एक ओळ लिहावी, अशी माझी माफक अपेक्षा आहे.

२०२३ ची ३० ऑगस्टची संध्याकाळ मी रायगडातल्या एका लहान बंदरावर काढली. बोटी १ तारखेपासून दर्यात होत्या, त्यांच्या तीन-तीन फेऱ्या झालेल्या. तरी सगळ्या परत आल्या होत्या, पताका लागल्या होत्या, घराघरांतून नारळीभाताचा वास येत होता. पौर्णिमेची भरती आमच्याकडे दुपारी बाराच्या आसपास असते, त्यामुळे संध्याकाळी पाणी पार ओसरलेलं. मिरवणूक धक्क्याच्या अगदी टोकापर्यंत गेली तेव्हा कुठे नारळाला पाणी मिळालं. नऊवारी सावरत बायका पुढे, मागे बँड, मध्ये सोनेरी नारळ. माझ्या शेजारी एक नाखवा उभा होता, हाताला बर्फाने फुटलेल्या भेगा. "आमचा नारळ यंदा उशिरा आला," तो म्हणाला, "आमी जाऊन बी आलो." हसला, पण नारळ सोडताना त्याने चपला काढल्या, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. खाली चिखलात उतरलेली पोरं लोकांचे नारळ गोळा करत होती, ते कुणाचे म्हणून कुणी विचारत नव्हतं. मानाच्या नारळाला मात्र एकानेही हात लावला नाही. तो ओहोटीबरोबर हळूहळू बाहेर गेला. नाखव्याने चपला घातल्या आणि बर्फाच्या गाडीला फोन लावला. मध्यरात्रीची भरती त्याला गाठायची होती.